आत्यानं बोधगयेला वंदना घेतली

बोधगयेला जायचं ठरलं तेव्हा माझी आत्या माझ्याशी मोकळेपणानं बोलत नव्हती. अबोला धरला होता असं नाही. फोन केला की जेवली काय, पोरगी कशी हाये, अकोल्यात थंडी किती, सगळं विचारायची. पण विहाराचा, वंदनेचा विषय काढला की "ठेवतो बाई, कुकर लावला" म्हणून फोन ठेवायची. कारण मला ठाऊक होतं. चूक माझी होती.

आत्या चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढंमागं. लिहिता-वाचता येत नाही. उभं आयुष्य तिनं संत्र्याच्या रोपवाटिकेत काढलं. जंबेरी लिंबाच्या खुंटाला चीर पाडून त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, भरायचा, वरून पट्टी बांधायची, हे काम ती दिवसभर उकिडवी बसून करायची. तिनं भरलेले डोळे वाया जात नाहीत, असं बागाईतदार सांगत. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आजीनं तिला कडेवर, खांद्यावर, जमेल तसं नेलं होतं. तिला त्यातलं आठवतं ते एवढंच, की पांढरे कपडे, पांढरे कपडे, जिकडे पाहावं तिकडे पांढरे कपडे.

त्यानंतर गावात एक गुरुजी सायकलवर यायचे. त्यांनी झाडाखाली पोरांना बसवून त्रिसरण, पंचशील, मंगलसुत्त, मेत्तसुत्त असं सगळं तोंडपाठ करून घेतलं. पोरं विसरली, आत्या विसरली नाही. पुढं विहार बांधला गेला आणि गेली कितीतरी वर्षं गावातली वंदना आत्याच घ्यायची. लग्न असो, बारसं असो, मयत असो, माणूस आत्याला बोलवायला यायचा. आमच्या घरातल्या तीन पिढ्या तिच्या मागं म्हणत म्हणत मोठ्या झाल्या. त्यात मीही आले.

मी इतिहासाची शिक्षिका. मध्यंतरी मी सुट्टीच्या दिवशी अमरावतीला जाऊन पालीचा एक छोटा अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रमाणपत्र मिळालं. त्याच वर्षी बुद्धपौर्णिमेला गावानं मला पाहुणी म्हणून बोलावलं. आत्या माइकसमोर बसून वंदना घेत होती, "बुद्दं सरनं गच्चामी". मी शेजारी बसले होते. काय झालं मला कोण जाणे, मी पुढं झुकले आणि माइकमध्येच म्हणाले, "आत्या, गच्चामी नाही, गच्छामि. आणि सरनं नाही, सरणं. ण."

विहारात शंभरेक माणसं होती. कुणीतरी मागं हसलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, माइक उचलून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तू शिकेल हायेस. तूच घे." मी घेतली. अगदी शुद्ध घेतली. कुणालाही माझ्या मागं नीट म्हणता येत नव्हतं, हे मला घरी परतताना बसमध्ये जाणवलं.

त्या दिवसापासून आत्यानं वंदना घेणं सोडलं.

सात-आठ महिन्यांनी, कापसाची वेचणी आटोपत आली तेव्हा गावातल्या निवृत्त अंगणवाडी बाईचा मला फोन आला. या बाई म्हणजे गावची यंत्रणा. अकरा बाया बोधगयेला जायला तयार झाल्या होत्या, तिकिटं काढायची होती आणि तिथला इतिहास सांगायला मी सोबत हवी होते. मी उडीच मारली. बावीस वर्षं मी फळ्यावर सम्राट अशोकाचं साम्राज्य काढत आले, पण बोधगया पाहिली नव्हती.

"आत्या येते ना?" मी विचारलं.

"नाही म्हनते. म्हनते, तठी सगये शिकेल लोक असतात, मी काय करू?"

मी त्या रविवारी गावाला गेले. आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसून सोलू लागले. माफी मागायचं मनाशी ठरवून गेले होते, पण शेंगाच सोलत राहिले. शेवटी तीच बोलली.

"थे झाड खरंच हाये काय वो? बुद्ध ज्याच्याखाली बसले थे? अजून जित्तं?"

मग मी सांगत सुटले. राजपुत्र घर सोडून निघाला, सहा वर्षं उपाशीतापाशी फिरला, शेवटी नदीकाठच्या एका पिंपळाखाली बसला आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसला. तिथं त्याला ज्ञान झालं. पुढं दोनेकशे वर्षांनी अशोक त्या झाडाच्या दर्शनाला गेला. त्याच्या मुलीनं त्याच झाडाची एक फांदी जहाजातून श्रीलंकेला नेली, ती अनुराधपुरात लावली, ते झाड आजही उभं आहे. इकडं मूळ झाडावर कितीदा कुऱ्हाड पडली असं जुने ग्रंथ सांगतात, पण दरवेळी ते पुन्हा फुटलं. दीडेकशे वर्षांपूर्वी जुनं झाड वादळात पडलं, तर त्याच्याच रोपापासून आताचं वाढवलं.

आत्याचे हात थांबले होते.

"म्हंजे कलमच झालं नं थे," ती म्हणाली. "फांदी तिकडे, रोप इकडे. मंग थेच झाड हाये. आमी बी मायझाड म्हातारं झालं तं त्याचाच डोया दुसऱ्या खुंटावर भरतो. संत्रं थेच राह्यते." मग शेंगांचं टोपलं बाजूला सारून ती म्हणाली, "मी येतो. मले झाड पाहाचं हाये. वंदना तुमी घ्या."

बाया सकाळी चांदूर रेल्वेला गाडीत बसल्या, मी अकोल्याला चढले. डब्यात शिरले तर ज्वारीच्या भाकरीचा, ठेच्याचा, लसणाच्या चटणीचा वास. अंगणवाडी बाईंनी सगळ्यांना सारख्या निळ्या पट्टीच्या पांढऱ्या साड्या नेसवल्या होत्या. भुसावळला गाडी बदलली. तिथून पुढं इटारसी, जबलपूर, मग उत्तरेचा सपाट मुलूख. आत्या पूर्णवेळ खिडकीशी. काळी जमीन संपून पिवळी माती लागली तशी ती दचकली. "हे कशी जमीन हाये? यात काय पिकत असन?" समोरच्या बाकावरची बिहारची बाई म्हणाली, गेहूँ, आलू, सरसों. आत्यानं तिला संत्र्याची फोड दिली आणि तिथून दोघींचं जे सुरू झालं ते गया येईपर्यंत.

गयेहून रिक्षांनी बोधगयेला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. धर्मशाळेत सामान टाकलं, आंघोळी केल्या आणि निघालो. मंदिरात मोबाइल नेऊ देत नाहीत, ते बाहेर जमा केले. बरंच झालं. नाहीतर अकराही जणी कॅमेऱ्यातूनच पाहत बसल्या असत्या.

पायऱ्या उतरताना मंदिराचा तो उंच सुळका समोर आला आणि आमची रांग आपोआप थांबली. पुस्तकातल्या चित्रात तो मी शेकडो वेळा पाहिला होता. चित्रात तो आवाज नव्हता. जमिनीतून घुमत आल्यासारखा, एकाच वेळी दहा-बारा तऱ्हांचा आवाज. मरून चीवरातले, केशरी चीवरातले, राखाडी कपड्यातले भिक्खू, पांढऱ्या वस्त्रातल्या बाया, कुणी लाकडी फळीवर दंडवत घालतंय, कुणी चालतंय, कुणी डोळे मिटून बसलंय. मी बायांना सांगू लागले, हे मंदिर शेकडो वर्षं विस्मरणात गेलं होतं, आजूबाजूला माती आणि वाळू साचली होती, ब्रह्मदेशातून लोक दुरुस्तीला आले होते, मग उत्खनन झालं... सांगता सांगता पाहिलं तर ऐकायला कुणीच नव्हतं. आत्या सगळ्यात पुढं निघून गेली होती आणि बाकीच्या तिच्या मागं.

मंदिराच्या पाठीमागं, पश्चिमेला, ते झाड. कठड्याच्या आत बुंधा, खाली वज्रासन, आणि फांद्या इतक्या पसरलेल्या की त्यांना लोखंडी खांबांचे टेकू दिलेले. आत्यानं हात जोडले नाहीत. आधी तिनं झाड पाहिलं. मान वर करून, डोळ्यांवर हात धरून, फांदी न् फांदी. रोपवाटिकेत पाहायची तसंच.

"चांगलं ठेवलं हाये," ती म्हणाली. "कीड नाही. वरचा फुटवा पाह्य कसा तांबडा हाये." आणि मग तिचा आवाज एकदम चिरकला. "व माय व. हे तं खरंच हाये." तेव्हा तिनं हात जोडले.

एक पान वरून गिरकी घेत खाली आलं. चार देशांची माणसं त्याच्यावर झेपावली. एका लहानखुऱ्या थाई बाईला ते मिळालं, ती पोरीसारखी हसली आणि आम्ही सगळ्याच हसलो.

आम्ही जागा पाहून बसलो. आमच्या उजव्या अंगाला ब्रह्मदेशातल्या बाया बसल्या होत्या, डाव्या अंगाला थायलंडचा मोठा जथा. उजवीकडच्यांनी सुरुवात केली. आत्या कान देऊन ऐकत राहिली आणि मग मला कोपरानं ढोसलं.

"काय म्हनून राहिल्या वो ह्या?"

मी ऐकलं. मलाही आधी कळलं नाही. "बोद्दां थरनां गिस्सामि" असं काहीतरी. पुन्हा ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आत्या, त्रिसरण म्हणतात त्या! आपलंच!"

"हे आपलं त्रिसरन?" आत्याचे डोळे विस्फारले. "थ्या तं सरनले 'थरनं' म्हनतात!"

तेवढ्यात डावीकडचे थाई लोक सुरू झाले. "फुत्थङ् सरणङ् खत्छामि." आत्यानं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. पाहते तर हसत होती, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं.

"पोरी, हे तं माह्याहूनही चुकून राहिले! यायले कोनी माइकवर टोकलं नाही काय?"

ती हे चिडवून म्हणाली नव्हती. पण मला ते जिथं लागायचं तिथं लागलं. मी काही बोलायच्या आत आमच्या पुढं बसलेला एक वयस्कर भिक्खू वळला. त्याला मराठी कळत असावी. नंतर कळलं, तो काही वर्षं नागपूरला राहिला होता. तो हिंदीत म्हणाला, "माताजी, कोई गलत नहीं बोल रहा. पाठ जिस देश में गया, वहाँ की जबान पर चढ़ गया."

मग त्यानं सावकाश सांगितलं. बुद्धाच्या वेळी हे काही लिहिलेलंच नव्हतं. भिक्खू पाठ करायचे, शिष्यांना सांगायचे, ते पुढं सांगायचे. असं कितीतरी पिढ्या चाललं. श्रीलंकेत पहिल्यांदा ताडपत्रावर उतरवलं, तेही बऱ्याच शतकांनी. पुढं ब्रह्मदेशानं आपल्या लिपीत लिहिलं, थायलंडनं आपल्या. पालीची म्हणून एक अशी लिपी नाहीच. हे मीही अभ्यासक्रमात वाचलं होतं. परीक्षेत उत्तर लिहून गुणही मिळवले होते.

आत्यानं त्याला विचारलं, "म्हंजे सुरवातीचे भंतेजी बी माह्यासारखे ऐकूनच शिकले? पुस्तकाबिगर?"

"ऐकूनच," भिक्खू मराठीत म्हणाला.

आत्या ताठ बसली. मी तिच्याकडे वळले आणि आता थांबायचं नाही असं ठरवून बोलून टाकलं.

"आत्या, माझं चुकलं. त्या दिवशी शंभर माणसांपुढं मी तुला टोकलं. मला दोन अक्षरं आली म्हणून मी तुझं सगळं खोडून काढलं. मला माफ कर."

"लय लागलं होतं मले," ती म्हणाली. "सायकलवाल्या गुरुजीनं दिलेलं होतं थे. मले वाटलं, जलमभर मी लोकाइले चुकीचं देल्लं. मयतीत बी चुकीचं म्हनलं."

त्या शेवटच्या वाक्यानं मला रडूच फुटलं. किती मोठं ओझं मी तिच्यावर टाकलं होतं आणि ते ती सात-आठ महिने एकटी वागवत होती.

"रडू नको, सगये पाहून राहिले," आत्या म्हणाली. अंगणवाडी बाई मागून म्हणाल्या, "मंग वंदना कोन घेते आता? मॅडमनं पुस्तक आनलं हाये."

मी पुस्तक पिशवीत टाकलं. "आत्या घेते."

"काहून? चुकलं तं?"

"चुकू दे. आम्हाला तुझ्याच मागं म्हणता येतं."

आत्यानं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि सुरुवात केली. तिचा आवाज तसा लहान नाहीच. रोपवाटिकेत या वाफ्यावरून त्या वाफ्यावर हाक मारायची सवय. "बुद्दं सरनं गच्चामी." आम्ही बारा जणींनी मागं म्हटलं. दुसऱ्या ओळीला माझ्या मागून एक नवा आवाज आला. वळून पाहिलं तर पांढऱ्या साडीतली एक म्हातारी बाई, आत्याच्याच वयाची, श्रीलंकेच्या जथ्यातली, आत्याच्या मागं म्हणत होती. तिच्या पाठोपाठ तिच्या सोबतच्या बाया. "दुतियम्पि", म्हणजे दुसरी फेरी, येईपर्यंत उजवीकडच्या बायांनीही धरलं, त्यांच्या त्यांच्या उच्चारात. "ततियम्पि"ला मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. चांदूर रेल्वेजवळच्या गावची माझी अंगठा लावणारी आत्या पुढं म्हणत होती आणि तीन देश मागं म्हणत होते. त्या भरात पंचशिलातलं तिसरं शील मी चक्क विसरले. आत्या विसरली नाही.

पंचशील झालं, आत्या थांबली. तेव्हा ती श्रीलंकेची बाई सरकत पुढं आली आणि तिनं मेत्तसुत्त सुरू केलं. आत्यानं लगेच सूर मिळवला. पण चालींत फरक. त्यांची संथ, लांबवलेली, आमची भरभर. पहिल्या दोन-तीन कडव्यांत एकीनं ओढलं, दुसरीनं सोडलं. मग दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत, मान हलवत, कुठंतरी मधे येऊन मिळाल्या आणि शेवटपर्यंत एकत्र गेल्या. संपल्यावर दोघींनी एकमेकींचे हात धरले. भाषा एकीलाही कळेना. त्या बाईनं झाडाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "अनुराधपुरा."

"हाव, हाव, कलम!" आत्या ओरडलीच. तिनं डाव्या हाताचं बोट उभं धरलं, उजव्या हातानं त्याच्यावर चाकूनं चीर पाडल्याची खूण केली, डोळा आत सरकवला, पट्टी गुंडाळली. बाई खळखळून हसली आणि तिनं तीच खूण आत्याला करून दाखवली. तिच्या सोबतच्या मुलीला इंग्रजी येत होतं. तिनं मला सांगितलं की आजीकडे घरी लिंबांची बाग आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीपलीकडं गेलो, जिथल्या सुजातानं बुद्धाला खीर दिली असं सांगतात. निरंजना नदी त्या दिवसांत नुसती वाळू. आत्यानं चपला हातात घेतल्या आणि सगळ्यांच्या पुढं चालत पलीकडं गेली. तिथल्या विटांच्या स्तूपाजवळ बसून तिनं बायांना सुजाताची गोष्ट सांगितली. मी शाळेत सांगते तशी नव्हती ती. तिच्या गोष्टीत म्हैस होती, दूध आटवायला लागलेला वेळ होता, खाली लागू नये म्हणून ढवळत राहणं होतं. तिथल्या दोन बाया शेण्या थापता थापता थांबून ऐकू लागल्या. मराठी त्यांना किती कळली कोण जाणे, पण खीर कळली.

गावी परतल्यावरच्या पहिल्याच रविवारी विहार भरला. आत्यानं वंदना घेतली. मग तासभर झाडाचं वर्णन. नंतर गावच्या सरपंचबाईंनी विचारलं, "आता कुठी जाता?" सारनाथ, सांची, कुशीनगर अशी नावं निघाली. आत्या म्हणाली, "मले अनुराधपुरले जाचं हाये. दुसरं झाड पाहाले."

सगळे हसले. मीही हसले. ती हसली नाही.

तेव्हापासून गेले चार महिने माझ्या घरात दुसरा विषय नाही. पासपोर्टचा अर्ज भरायला घेतला. आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी. "तूच सांग, माह्या मायनं मले बरोब्बर एक तारखेले कसं जनलं असन?" सहीच्या रकान्यात अंगठा चालतो, हे मी तिला तीनदा सांगितलं. तिला ते मान्य नव्हतं. "परदेसात जाचं आन अंगठा?" माझी मुलगी तिला फोनवरून अक्षरं शिकवू लागली. अख्खी वही भरली. एका सकाळी मुलीच्या फोनवर फोटो आला, रेघोटी वाकडी, वेलांटी जरा मोठीच, पण नाव पूर्ण.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी अमरावतीला पासपोर्टच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या तरुण मुलीनं विचारलं, "आजी, सही येते?" आत्यानं तिच्या हातातलं पेन घेतलं, कोपर टेबलावर रोवलं आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर उमटवत सही केली. वेळ लागला. मागं रांग होती, कुणी घाई केली नाही. बाहेर आल्यावर पायरीवर उभी राहून तिनं मला विचारलं, विमानात बसताना चपला काढाव्या लागतात काय, आणि खिडकीची जागा आधी सांगून ठेवता येते काय. मी म्हटलं, सांगून ठेवू. "मंग आताच सांग," ती म्हणाली, आणि माझ्या पिशवीतून फोन काढून तिनं माझ्या हातात दिला.